अर्ध्या गुंठ्याची फी

“माती लेकीसारखी असती, पोरी. एकदा दिली की परत आणायला जाता येत न्हाई... म्हणून द्यायच्या आधी घर बघावं, दार बघावं, मानसं बघावी!”

राजगुरुनगरच्या एस.टी. स्टँडवर, रसवंतीच्या घुंगरांच्या नादात आबांनी उच्चारलेले ते शब्द! आबांना जाऊनही आता किती पावसाळे लोटले. पण त्यांचा तो खरखरीत, मायेनं ओथंबलेला आवाज त्या सकाळी रुपीनगरच्या दोन खोल्यांत विजयश्रीच्या कानाशी इतका स्पष्ट आला, की पोळी लाटता लाटता तिचा हात जागीच थांबला... आणि नेमकं तेच सासूबाईंच्या, इंदुताईंच्या, डोळ्यांत खुपलं.

“थांबलीस कशाला? बोल की माय! उद्या खंडेनवमी, परवा दसरा. जागा घेणारे यशवंतराव मुहूर्तावर विसाराचे पैसे घेऊन यायलेत. जागा द्यायलीस का नाही, ते एकदाचं सांगून टाक!”

“मी नाही म्हणत नाही, आई. फक्त विसार घ्यायच्या आधी मला निरंजनचं कॉलेज एकदा आतून बघायचंय. तो तिथं काय शिकतो, त्याला कोण शिकवतं...”

“बघायचंय?” इंदुताईंनी कपाळावर हात मारला. “ते कॉलेज हाय का मेथीची जुडी, सोडून बघायला!”

“मेथीची जुडीसुद्धा आपण सोडून बघतो ना, आई? मग एवढी फी...”

“ऐकलंस का रे ज्योती! तुझी बायको तुझ्या भावाचं शिक्षण मेथीच्या भावानं तोलायली!”

ज्योतीराम दाराशी बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. बायको एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला, आणि मधे हा अबोल, खांदे वाकलेला माणूस! “मला कंपनीची बस गाठायचीय,” एवढंच पुटपुटत तो निघून गेला.

जागा म्हणजे तरी केवढी! तळवड्याच्या कडेला अर्धा गुंठा. चाकणच्या माळावरची आबांची जमीन कंपन्यांत गेली, आलेल्या पैशांतून भावांनी दारात मोठमोठ्या गाड्या उभ्या केल्या, आणि आबांनी मात्र कुणाला पत्ता लागू न देता लेकीच्या नावावर एवढासा तुकडा घेऊन ठेवला. त्यावर घर नव्हतं, कुंपण नव्हतं. एक शेवग्याचं झाड तेवढं होतं. एखाद्या रविवारी विजयश्री तिथं जाऊन नुसती बसायची. आठवडाभर मशीनवर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या त्या बाईला या अफाट जगात ‘माझं’ म्हणता येईल असं तेवढंच तर होतं!

आणि तरीही निरंजनसाठी तिनं ते डोळे झाकून ओवाळून टाकलं असतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा हा धाकटा दीर दुसरीत होता. बापाविना पोर, धाराशिवकडून नुकतंच आलेलं, शहराला बुजलेलं... सासूबाई लोकांची धुणीभांडी करायला जायच्या, ज्योतीराम शिफ्टला. मग हा दप्तरासकट हिच्या पदराआड! माहेरी आई म्हणायची त्या ओव्यांच्या चालीवर तिनं त्याच्यासाठी एक ओवी जुळवली होती:

धाकल्या दिराला, किती सांगू मी शहाणा,
माझ्या पदराआड, करी भुकेचा बहाणा...

ती ऐकली की तो लाजून लाल व्हायचा, आणि तरी दुसऱ्या दिवशी “म्हण की, वहिनी” म्हणून मागं लागायचा. पुढं तिची कूस उजवली नाही ती नाहीच. पण त्याची खंत या पोरानं तिला कधी फार करू दिली नाही.

मग संशय कुणाचा? संशय त्या हायवेपलीकडच्या टेकडीवरच्या काचेच्या इमारतीचा!

प्रवेशाच्या दिवशी सगळे तिथं गेले होते. थंडगार हवा, चकचकीत फरशी, भिंतभर हसणाऱ्या पोरांचे फोटो... ‘यांना नोकऱ्या लागल्या’ म्हणे! इंदुताईंनी तर उंबऱ्यालाच नमस्कार केला. विजयश्रीनं मात्र टेबलामागच्या मुलीला विचारलं, “बाई, या फोटोतल्या एखाद्या पोराशी फोनवर बोलता येईल का?” ती मुलगी गोड हसली. “मशीनं आहेत ती खोली तरी दाखवा,” विजयश्री म्हणाली. मुलगी आणखी गोड हसली. आज ती बंद होती! भर कामाच्या दिवशी बंद होती... त्या हसण्यात विजयश्रीला असं काहीतरी दिसलं, की घरी येईपर्यंत तिच्या काळजातला काटा निघेना. “बाजारात आली होतीस का गं घासाघीस करायला?” सासूबाईंनी रिक्षातच सुनावलं, आणि त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक प्रश्नाला घरात एकच नाव पडलं: वहिनीचा मत्सर! ज्योतीरामचा ओव्हरटाइम त्या इमारतीत गेला, इंदुताईंच्या पाटल्या गेल्या, आणि आता पाळी आबांच्या मातीची होती.

पण गणपती उठले आणि त्या संशयाला दुसरंच तोंड फुटलं. ते तोंड वळलं थेट निरंजनकडे!

तो उजाडायच्या आधी घर सोडू लागला. पुस्तकांवर धूळ बसली. ज्यानं कधी स्वतःचा रुमाल पिळला नव्हता, तो आल्या आल्या मोरीत जाऊन आपला शर्ट आपणच धुवू लागला... एकदा घाईत तो शर्ट तसाच खुंटीला राहिला. विजयश्रीनं उचलला आणि नाकाशी नेला. कूलंट! चालत्या मशीनवर सोडतात ते पांढरं तेलपाणी! नवऱ्याच्या कपड्यांना येणारा तो वास तिनं झोपेतही ओळखला असता. कारखान्यांच्या या मुलखात शिकणाऱ्या पोराच्या शर्टाला तो वास आला, की त्याचा अर्थ एकच निघतो: पोरानं शिक्षण सोडलं आणि ते कंपनीच्या लाईनला लागलं!

त्यावर त्या सकाळी, ज्योतीराम गेल्यावर, शेजारच्या दिव्यानं मीठच चोळलं. ती चाकणजवळच्या एका कंपनीत तपासणीला होती. तोंडानं फटकळ, मनानं निर्मळ. नळावर हंडा लावता लावता म्हणाली, “विजूताई, तुमचे इंजिनिअर साहेब आमच्या कंपनीच्या बसला उभे असतात, माहितेय ना? पिवळी टोपी असते हातात. ट्रेनीवाली. मी म्हटलं, यांना काय कॉलेजनं हाकललं की काय!”

विजयश्रीनं हंडा उचलला. पण पाणी निम्मं वाटेतच सांडलं...

त्या संध्याकाळी जेवणं चालली असताना तिला राहवलं नाही. ताटात भाकरी वाढता वाढता तिनं विचारलं, “निरंजन, आज काय शिकवलं रे?”

“प्रॅक्टिकल होतं.”

“कसलं?”

घास त्याच्या हातात राहिला.

“तुझ्या शर्टाला कूलंटचा वास येतो. तुला कंपनीच्या बसमध्ये चढताना लोकांनी पाहिलंय. तुला माझी शपथ आहे, खरं सांग... कॉलेज सोडलंस ना तू? मग फी म्हणून नेलेले पैसे कुठं गेले?”

“जीभ झडो तुझी!” इंदुताई ताटावरून उठल्याच. “जागा द्यायची नाही म्हणून माझ्या लेकरावर चोरीचा आळ घ्यायलीस? आईच्या मायेनं वाढवलं म्हणून गावभर सांगतीस, आणि आता... परकी ती शेवटी परकीच, माय!”

परकी! त्या एका शब्दानं विजयश्रीचं अंतःकरण चिरत गेलं. तिनं निरंजनकडे पाहिलं. आता तरी तो बोलेल, रागावेल, ‘वहिनी, असं काही नाही’ म्हणेल... पण त्याच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी चमकून विझलं, आणि मान खाली घालून तो इतकंच म्हणाला, “वहिनी, तू जागा विकू नकोस. मी त्या लायकीचा नाही.”

म्हणजे खरंच होतं तर!

“बास!” आयुष्यात पहिल्यांदा ज्योतीरामचा आवाज चढला. तो बोलत होता बायकोशी, पण पाहत होता भिंतीकडे. “माझ्या भावाला चोर ठरवलंस तू. यापुढं त्याच्या शिक्षणाबद्दल या घरात तू एक शब्द बोलायचा नाही. एक शब्द नाही!”

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारांचा, अवजारांचा सण. त्या दिवशी या पट्ट्यातल्या कंपन्या मशीनं धुऊन-पुसून त्यांची पूजा मांडतात, आणि कुठं कुठं कामगारांच्या घरच्यांनाही आत बोलावतात. विजयश्रीचा कारखाना बंद होता. सुजलेले डोळे घेऊन ती दिव्याच्या दारात उभी राहिली.

“मला तुझ्या कंपनीत ने. त्याला तिथं कामावर माझ्या डोळ्यांनी बघायचंय. मग मी खोटी की खरी, ते माझं मला कळेल.”

“चला की. गेटवर बहीण सांगते. पण हे असं सुतकी तोंड नको, पूजा आहे तिथं! साडी बदला, गजरा माळा.”

आत पाऊल टाकलं आणि विजयश्री क्षणभर सारं विसरली. एरवी कानठळ्या बसवणारी ती अवाढव्य मशीनं आज लग्नातल्या वऱ्हाडासारखी सजून मुकाट उभी होती! झेंडूच्या माळा, आंब्याचे डहाळे, कपाळी कुंकवाचे ठसठशीत टिळे... काठापदराच्या बायका लेकरांना कडेवर घेऊन सांगत होत्या, “हे बघ, हे पप्पांचं मशीन!” आणि ती लेकरं डोळे विस्फारून पाहत होती.

मग तिला भिंतीलगतची ती रांग दिसली. पिवळ्या टोप्यांची. तिसरा निरंजन... पण तो एकटा नव्हता! त्याच्यासारखीच कोवळी पोरं-पोरी, ओळीनं, हात मागं बांधून उभी होती. त्यांच्या डोक्यावर एक भला मोठा फलक. त्यावर तीच टेकडी... तीच काचेची इमारत! आणि खाली ठळक अक्षरांत कॉलेजचं नाव!

हे काय? कॉलेज सोडलेली पोरं कॉलेजच्याच फलकाखाली कशी?

इतक्यात कोट घातलेले कॉलेजचे एक सर पुढं आले. त्यांनी मॅनेजरसाहेबांकडून फुलांचा गुच्छ घेतला, पोरांना मशीनभोवती उभं केलं आणि फोटोवाल्याला खूण केली. “हसा जरा! इंडस्ट्रीसाठी तयार झालेली मुलं दिसली पाहिजेत!” पोरं हसली. असंच हसू तिनं त्या भिंतभर फोटोंत पाहिलं होतं!

पूजा आटोपली. नावं पुकारून एकेका कामगाराला मिठाईचा पुडा देऊ लागले. झाडलोट करणाऱ्या मावशींना मिळाला, कंत्राटी माणसांनाही मिळाला. रांगेतली एक पिवळ्या टोपीची पोरगी आपलीही पाळी असेल म्हणून पुढं झाली, तर सुपरवायझर म्हणाला, “तुमचं नाव नाही यात. तुम्ही स्टुडंट. पुडे कामगारांना.”

ती ओशाळून मागं सरली आणि सरांकडे वळली. “सर, मग दसऱ्यानंतर थोडे दिवस सुट्टी मिळेल का? पेपर आहेत, अभ्यास...”

“सुट्टी?” सरांच्या भुवया वर गेल्या. “इथं शिफ्ट असते, बाळ. इथं तुम्ही कामाला आलाय!”

पुडा मागितला तर विद्यार्थी, आणि सुट्टी मागितली तर कामगार! विजयश्रीच्या डोळ्यांपुढं लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडात तिला स्वतःचाच चेहरा भेसूर दिसला. ज्याच्यावर संशय घ्यायचा तो त्या काचेत सुरक्षित बसला होता, आणि तिनं मात्र आपल्याच लेकराच्या छातीत बाण मारला होता...

निरंजननं मान वळवली. दोघांची नजर भिडली. टोपी काढून तो गर्दीतून वाट काढत आला, आणि तिला हाताला धरून बाहेर, गाड्यांच्या स्टँडपाशी घेऊन गेला.

“वहिनी... तू इथं?”

“कधीपासून, निरंजन?”

“गणपतीपासून. सगळा वर्गच आणलाय. सेमिस्टरभर.”

“आणि शिकवतात काय?”

तो हसला. ते हसू रडण्याहून वाईट होतं. “पार्ट उचलायचा, ठेवायचा, हिरवं बटण दाबायचं. पहिल्याच दिवशी शिकलो. तेव्हापासून तेच. मशीन आतून कसं चालतं म्हणून लाईनवर विचारलं, तर म्हणतात कॉलेजात विचार. कॉलेजात विचारलं, तर म्हणतात कंपनीत विचार! आणि आलो नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर परीक्षा नाही. फी भरून कामाला येतो गं मी, वहिनी... फी भरून!”

“मग काल का नाही बोललास? मी तुला चोर म्हटलं रे... तोंडावर चोर म्हटलं! का गप्प बसलास?”

निरंजननं टोपी हातात गोल गोल फिरवली. लहानपणी काही मागायचं असलं की पदर फिरवायचा, तशीच.

“आधी छातीत कळ आली. आणि मग वाटलं... बरं झालं! मला चोर समजलीस तर विसार तरी घेणार नाहीस. खरं सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? ‘अर्धं झालंय, आता मागं फिरू नको, पुरं कर!’ आणि आबांची जागा देऊन मोकळी झाली असतीस. मी ओळखत नाही का तुला?”

विजयश्रीचा बांध फुटला. भर उन्हात, त्या शेकडो दुचाक्यांच्या मधोमध, तिनं त्या उंच झालेल्या पोराचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं.

“अरे वेड्या! माझी माती वाचावी म्हणून तू चोर व्हायला निघालास? तुझी वहिनी एवढी का गरीब झाली रे? ...”

“अहो, रडायचं तर जरा तिकडं सावलीत रडा,” मागून दिव्या आली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. “वॉचमनला वाटतंय, कुणाला कामावरून काढलं!” आणि तिनं आपला मिठाईचा पुडा निरंजनच्या हातात कोंबला. “घे रे भावा. बटण तर तूच जास्त दाबलंस.”

घरी इंदुताईंनी पाटावर पूजा मांडली होती. विळी, कात्री, ज्योतीरामचे नटबोल्ट आवळायचे पाने, आणि सगळ्यांच्या मधे, सगळ्यांत मोठं फूल वाहिलेला निरंजनचा लॅपटॉप. त्या पाटासमोरच निरंजन बसला आणि काहीही न लपवता त्यानं आईला सगळं सांगितलं. ज्योतीरामही आपल्या कंपनीतली पूजा आटपून आला होता. तो उंबऱ्यातच थबकला, पायातले बूटही न काढता.

“पण... एवढी मोठी बिल्डिंग!” इंदुताई पाटाशी खाली बसल्या. “एवढी मोठी माणसं खोटं कशाला बोलतील, माय? मग फी तरी कशाची घ्यायलेत ते?”

“कागदाची, आई. शेवटी एक कागद देतील. तो नसला तर कुणी दारात उभं करत नाही, आणि असला तरी त्यात काय शिकलो ते कुणी विचारत नाही.”

इंदुताईंची नजर लॅपटॉपवरच्या त्या फुलावर गेली. साऱ्या भावकीला ज्याच्या नावानं पेढे वाटले होते, तो त्यांचा इंजिनिअर पिवळी टोपी मांडीवर घेऊन समोर बसला होता... मग त्या गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, आणि भिंतीशी उभ्या असलेल्या सुनेचे दोन्ही हात त्यांनी आपल्या भांड्यांनी खरबरीत झालेल्या हातांत घेतले.

“तू सोडून बघ म्हणालीस... आणि मी तुला परकी म्हणाले! माझ्या तोंडात किडे पडोत, विजू!”

“असं नका बोलू, आई. मीसुद्धा चुकलेच की. कॉलेजवर घ्यायचा संशय मी याच्यावर घेतला.” विजयश्रीनं डोळे पुसले आणि निरंजनकडे वळली. “एक खरं सांग. तुला शिकायचंय का?”

“शिकायचंय, वहिनी. मशीन आतून उघडून बघायचंय मला. पण हे असं नाही.”

“मग शीक! दसरा झाला की तुझ्या वर्गातल्या सगळ्यांच्या आयाबापांना गोळा करू, आणि त्या टेकडीवर जाऊन विचारू, की फी घेतली ती कशाची. शिकवणार असतील तर ठीक. नाहीतर सरकारी कॉलेजात जागा मिळते का बघू. वर्ष गेलं तर जाऊ दे. आणि यशवंतरावांना उद्या चहा पाजून परत पाठवते मी.”

“चहात साखर जास्त घाल,” इंदुताई रडता रडता म्हणाल्या, “माणूस रागावून जाईल!”

निरंजन हसला. घरावरची काल रात्रीपासूनची काळी छाया जराशी हलली. पण ज्योतीराम अजून उंबऱ्यातच होता. त्याच्या हातातला मिठाईचा पुडा चेपून वाकडा झाला होता. विजयश्री त्याच्याकडे गेली. “आत या ना... अहो, काय झालं?”

त्यानं मान वर केली. काल भिंतीकडे पाहणारे ते डोळे आज तिच्या डोळ्यांना भिडले आणि भरून आले.

“आमच्या लाईनवर गेल्या वर्षीपासून येतात ती पोरं,” तो म्हणाला. “याच्याच कॉलेजची. पिवळ्या टोप्यांची. त्यांना बटण कुठं दाबायचं ते मीच दाखवतो... याच्या शर्टाला पहिल्या दिवशी वास आला, त्याच दिवशी मला कळलं. पण ते कबूल केलं असतं, तर मी इतकी वर्षं डबल शिफ्टला कशासाठी उभा राहिलो, ते माझं मला सांगावं लागलं असतं... काल तू बोललीस त्यातलं निम्मं खरं आहे हे मला ठाऊक होतं, विजू. ठाऊक होतं, आणि तरी मी तुला गप्प केलं.”